लाजाळू पुढारी

पुढारी म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. उंच व्यासपीठ, गळ्यांत हार, सभागृहांत घुमणारा आवाज आणि समोर तल्लीन झालेले हजारों लोक. ज्याला बोलतां येतें त्यानें पुढें व्हावें आणि ज्याला बोलतां येत नाहीं त्यानें सतरंज्या घालाव्या, अशी कामाची वांटणी आपल्या सार्वजनिक जीवनांत जणूं कायमचीच ठरून गेली आहे. त्यामुळें पुढें येऊं पाहणारा तरुण प्रथम काय करतो, तर दुसऱ्या कोणाचा तरी आवाज उसना घेतो. त्याची बोलण्याची ढब, त्याचे हातवारे, त्याचा आवेश, इतकेंच काय पण त्याचा रागसुद्धां तो उचलतो. कांहीं दिवस हें निभतें. पुढें एखादा खरा कसोटीचा प्रसंग येतो आणि हा उसना आवाज ऐन वेळीं दगा देतो. मग त्या बिचाऱ्याच्या लक्षांत येतें कीं, आपला स्वतःचा आवाज कोणता याची आपण कधीं चौकशीच केली नव्हती.

श्रोतेहो, आज मी आपल्याला ज्या पुरुषाची गोष्ट सांगणार आहें त्याला सभेंत उभें राहण्याचा मोठा संकोच वाटत असे. वक्तृत्व त्याच्यापाशीं नव्हतें, लेखणीला धार नव्हती, पाहतांक्षणींच छाप पडावी अशी शरीरयष्टि नव्हती. आणि ही गोष्ट त्याला स्वतःला पुरतेपणीं ठाऊक होती. तरीहि त्याच्या मागून माणसें गेलीं, पैसा आला, संस्था उभ्या राहिल्या आणि त्या अजून उभ्या आहेत. हे पुरुष म्हणजे महर्षि धोंडो केशव कर्वे. त्यांच्या कार्याचें गुणवर्णन पुष्कळांनीं केलें आहे. तें पुन्हां करण्याचा माझा हेतु नाहीं. माझ्यापुढें प्रश्न आहे तो एवढाच कीं, स्वतःला नीट ओळखण्याचा आणि दुसऱ्यांच्या पुढें चालण्याचा कांहीं संबंध आहे काय, आणि असल्यास तो या एका आयुष्यांत कसा दिसतो?

आत्मज्ञान हा शब्द उच्चारला कीं आपलें मन एकदम वेदान्ताकडे धांव घेतें. तितक्या उंच जाण्याचें येथें कारण नाहीं. मला अभिप्रेत आहे ती साधी, व्यवहारांतली ओळख. मला काय जमतें, काय जमत नाहीं, कशाची भीति वाटते, कोणतें काम मी मनापासून करतों आणि कोणतें केवळ चारचौघांत बरें दिसावें म्हणून. प्रश्न सोपे दिसतात. पण प्रामाणिकपणें उत्तरें देऊं लागलें कीं घाम फुटतो.

मुरुड नांवाचीं दोन गांवें कोंकणच्या किनाऱ्यावर प्रसिद्ध आहेत. आपण ज्या मुरुडाविषयीं बोलत आहों तें जंजिऱ्याजवळचें नव्हे. तें रत्नागिरी जिल्ह्यांत दापोली तालुक्यांत, हर्णैच्या दक्षिणेस आहे. नारळी-पोफळींच्या वाड्या, पलीकडे लांबच लांब पुळण, आणि गांवांत दुर्गादेवीचें देऊळ. 18 एप्रिल 1858 रोजीं शेरवली येथें आजोळीं जन्मलेले अण्णासाहेब कर्वे याच मुरुडांत वाढले. घरची परिस्थिति बेताची होती. गांवच्या शाळेंत सोमण नांवाचे गुरुजी होते. गांवाचें हित कशांत आहे याचा सारखा विचार करणाऱ्या त्या काळच्या मोजक्या शिक्षकांपैकीं ते एक. त्यांच्या सांगण्यावरून धोंडू दुर्गादेवीच्या देवळांत जमलेल्या लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. ज्या मुलाला जन्मभर लाजाळूपणानें छळलें तो मुलगा भर देवळांत वडीलधाऱ्यांपुढें खुशाल वाचीत बसे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. स्वतःला पुढें करावयाचें म्हटलें कीं जीभ अडखळावी, आणि दुसऱ्यांच्या उपयोगाचें कांहीं काम हातांत आलें कीं तीच जीभ मोकळी व्हावी, हा त्यांच्या स्वभावाचा पिंड पुढें शंभर वर्षें बदलला नाहीं.

दुसरा प्रसंग 1875 च्या सुमाराचा. मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेला बसावयाचें होतें. परीक्षेचें ठाणें सातारा. पावसाळ्याचे दिवस, दर्या खवळलेला, बोटी बंद. तेव्हां हीं कोंकणांतलीं मुलें पायींच निघालीं. शंभरांहून अधिक मैलांची वाट, मधें कुंभार्ली घाट. वेळेवर पोंचलीं. पण परीक्षामंडळापुढें उभें राहतांच धोंडू सतरा वर्षांचा दिसत नाहीं असें ठरलें आणि त्याला परीक्षेस बसूं दिलें नाहीं. वय पुरें होतें. दिसण्यांत तें कमी पडलें! दुसरा एखादा चलाख मुलगा तेथें चार शब्द बोलून गेला असता. हा परत फिरला, आणि पुढल्या वर्षीं कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा उतरला. पुढें मॅट्रिक होण्यासहि त्यांना 1881 साल उजाडलें, म्हणजे वय तेवीस, आणि बी. ए. झाले 1884 सालीं. माझ्या मतें सातारच्या त्या वाटेनें त्यांना आपल्या दोन गोष्टी कळल्या. आपल्या तोंडावरून कोणी आपल्याला मोठा समजणार नाहीं ही एक. आणि आपले पाय थकत नाहींत ही दुसरी. पुढचें सारें आयुष्य त्यांनीं या दुसऱ्या गोष्टीच्या भरंवशावर काढलें.

मुंबईंत शिकवण्या आणि शाळांतील नोकरी करीत असतां त्यांनीं नात्यांतल्या एका मुलाला शिक्षणाकरितां आपल्याजवळ आणलें. मुर्डीचा हा मुलगा म्हणजे पुढें 1899 सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. स्वतः गणिताचा शिक्षक असलेल्या माणसाला आपल्या हाताखालचा पोरगा आपल्या कितीतरी पुढें जाणार हें ओळखण्यास वेळ लागला नसेल. पुष्कळ शिक्षकांना ही ओळख सोसत नाहीं. अण्णासाहेबांना ती सोसली, आणि त्या मुलाच्या यशाचा आनंद त्यांनीं आपलाच मानला. आपली उंची ज्याला ठाऊक असते त्याला दुसऱ्याच्या उंचीची भीति वाटत नाहीं.

1891 साल त्यांच्या आयुष्यांत उलथापालथीचें ठरलें. पहिली पत्नी राधाबाई निवर्तल्या, आणि त्याच वर्षीं गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. त्या काळचें पुणें डोळ्यांपुढें आणा. एका बाजूस टिळक, दुसऱ्या बाजूस आगरकर. एकाच्या शब्दासरशी सभा उसळावी आणि दुसऱ्याच्या लेखासरशी घरोघर भांडण पेटावें. अशा वातावरणांत येऊन पडलेल्या मध्यम बुद्धीच्या माणसाला कोणाचा तरी शिष्य होऊन त्याची नक्कल करण्याचा मोह किती अनावर झाला असेल! अण्णासाहेबांनीं आगरकरांची मतें पुष्कळ अंशीं स्वीकारलीं, पण आगरकरांची लेखणी उचलली नाहीं.

मतांची खरी परीक्षा घरांतच झाली. पस्तिशीच्या आंतबाहेरच्या विधुरानें दहा-बारा वर्षांच्या मुलीशीं लग्न करावें हा त्या वेळचा शिरस्ता. विधवाविवाह योग्य आहे असें मानणाऱ्या माणसानें त्या शिरस्त्यापुढें मान तुकवावी काय? सभेंत ठराव मांडून मोकळें होतां येतें, लग्नाच्या बाबतींत तसें होतां येत नाहीं. त्यांनीं आपल्या मनाशीं ठरविलें कीं, करीन तर विधवेशींच विवाह करीन. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई या अण्णासाहेबांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी. 11 मार्च 1893 रोजीं त्यांच्याशीं पुण्यांत विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढें सारें जग त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखूं लागलें.

ज्या गांवच्या देवळांत धोंडूनें वर्तमानपत्र वाचलें त्याच गांवानें आतां त्याच्यावर बहिष्कार घातला. कर्वे घरीं येऊन राहिले तर घरच्या मंडळींनाहि वाळींत टाकावें, असा निर्णय झाला. म्हातारी आई आणि भाऊ यांना आपल्या पायीं सोसावें लागतें ही टोंचणी त्यांना फार लागली. लग्नाच्या निश्चयावरून ते ढळले नाहींत. पण गांवाविरुद्ध त्यांनीं मोहीमहि उघडली नाहीं. मुंबईस असतां त्यांनीं आपल्या गांवच्या लोकांकडून थोडथोडा पैसा जमवून गांवाच्या हितासाठीं मुरुड फंड उभा केला होता. आपल्याला वाळींत टाकणाऱ्या गांवाविषयीं त्यांनीं पुढें आत्मचरित्रांत लिहिलें, तेंहि कडवटपणावांचून. हा केवळ सौजन्याचा भाग नव्हे. राग हें आपलें हत्यार नव्हे, हें त्यांना कळलें होतें.

आतां मी मुख्य मुद्द्याकडे येतों. 1893 च्या अखेरीस त्यांनीं मित्रांच्या साहाय्यानें विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. सुट्या लागल्या कीं गांवोगांव हिंडावें, लोकांचीं मतें अजमावावीं, वर्गणी जमवावी, असा क्रम सुरू झाला. अनुभव काय आला? तोंडानें अनुकूल असलेले पुष्कळ; प्रत्यक्ष विवाहाला उभे राहणारे अगदीं थोडे. येथें सामान्य पुढारी दोन गोष्टी करतो. एक तर तो लोकांना भित्रे म्हणून झोडपूं लागतो, नाहीं तर आपल्या कार्याचे आंकडे फुगवून सांगतो. अण्णासाहेबांनीं काय केलें, तर 1895 सालीं मंडळीचें नांवच बदललें. विधवाविवाहोत्तेजक ही विधवाविवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी झाली. नांव उच्चारावयास अवघड आहे, पण त्यांतला प्रामाणिकपणा पाहा. उत्तेजन देण्याचें आपलें सामर्थ्य नाहीं. ज्याला असा विवाह करावयाचा असेल त्याच्या वाटेंतील अडथळे दूर करणें एवढेंच आपल्या हातून होण्यासारखें आहे, अशी ती जाहीर कबुली होती. आपल्या सार्वजनिक संस्थांच्या इतिहासांत उद्देश वाढवून नांव बदलल्याचीं उदाहरणें रगड सांपडतील. उद्देश खालीं उतरवून नांव बदलल्याचें हें उदाहरण मला विरळा वाटतें.

खालीं उतरल्यामुळें त्यांना जमीन दिसली. विधवेच्या दुःखाचें मूळ केवळ पुनर्विवाहाच्या बंदींत नाहीं. ती परावलंबी आहे, तिला शिक्षण नाहीं, स्वतःच्या पायांवर उभें राहण्याचें कांहीं साधन नाहीं. विवाह करावा कीं नाहीं हें ठरविण्याचें बळसुद्धां तिला शिक्षणावांचून येणार नाहीं. शिवाय शिकविणें हें काम अण्णासाहेबांच्या हातचें होतें. लोकांचीं मनें एका भाषणानें पालटविणें त्यांना जमणारें नव्हतें. पण एका बाईला आज बाराखडी, उद्यां बेरीज, परवां भागाकार शिकविणें त्यांना निश्चित जमणारें होतें. 14 जून 1896 रोजीं अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष झाले.

यांतच एक नाजूक गोष्ट होती, आणि तिच्याविषयीं टाळाटाळ करून चालणार नाहीं. आश्रमांत विधवाविवाहाचा प्रचार करावयाचा नाहीं असें त्यांनीं ठरविलें. ज्या माणसानें स्वतः विधवेशीं विवाह केला त्यानें आपल्या संस्थेंत त्या विषयावर मौन पाळावें, हें कोणत्या प्रकारचें सचोटीचें वर्तन? पुढाऱ्याच्या खरेपणाचा अर्थ मनांतलें सर्व कांहीं सर्व ठिकाणीं बोलून टाकणें असा आपण करीत असलों तर अण्णासाहेब या कसोटीला उतरत नाहींत. परंतु लपवाछपवी निराळी आणि कामाची मर्यादा आंखून घेणें निराळें. त्यांचा विवाह जगजाहीर होता. मुलीला आश्रमांत पाठविणाऱ्या बापाला आपण कोणाच्या हवालीं मुलगी करीत आहों याची पूर्ण कल्पना असे. एवढ्या गोष्टीवरून तो बाप मुलगी पाठविण्यास कचरे, म्हणून आश्रमाचें काम शिक्षणापुरतें राहील असें वचन त्यांनीं दिलें आणि पाळलें. बाया कर्वे यांची सख्खी बहीण पार्वतीबाई आठवले याच आश्रमांत कामाला लागल्या. त्या विधवा होत्या आणि 1912 पर्यंत केशवपनाची रूढि पाळीत होत्या. एक बहीण पुनर्विवाहित, दुसरी रूढीनें राहणारी. दोघींच्या आयुष्यांचा संबंध एकाच पुरुषाच्या कार्याशीं यावा आणि त्यानें कोणावरहि आपलें मत लादूं नये, हें दृश्य मला त्या काळच्या कोणत्याहि जहाल भाषणापेक्षां अधिक विचार करावयास लावतें.

तथापि या धोरणाची किंमत होती. लोकमताला सांभाळून चालावयाचें म्हणून आश्रम आरंभीं ब्राह्मण विधवांपुरताच राहिला. ज्या भीतीनें आश्रम वांचला त्याच भीतीनें त्याचीं दारें इतरांना बंद झालीं. आपल्या भित्रेपणाला धोरण हें गोंडस नांव देण्याची संवय कोणालाहि लागूं शकते. अण्णासाहेबांना ती मुळींच लागली नाहीं असें मी म्हणणार नाहीं. इतकें मात्र खरें कीं 1944 सालीं, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं, या माणसानें समता संघ काढला. तितक्या वयांत बहुतेक माणसें आपल्या जुन्या कामाचे सत्कार स्वीकारीत बसलेलीं असतात.

पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें आणि 1900 सालीं आश्रम शहराबाहेर हिंगण्यास गेला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं सहा एकर जागा दिली. तेथें एक साधी झोपडी उभारली गेली. कॉलेजांतील काम संपवून संध्याकाळीं हिंगण्यास पायीं जावयाचें, रात्रीं तेथें शिकवावयाचें व राहावयाचें, आणि सकाळीं पुन्हां चालत पुण्यास येऊन वर्गावर उभें राहावयाचें, असा त्यांचा कित्येक दिवस क्रम होता. पावसाळ्यांत त्या वाटेला चिखल इतका होई कीं जोडा रुतून बसावा. लागणारें सामानहि पुष्कळदां त्यांच्याच पाठीवर असे. सातारच्या वाटेवरचे ते पाय आतां असे कामीं आले.

पैसे मागण्याची त्यांची रीतहि त्यांच्या स्वभावासारखीच होती. दारांत उभें राहून थोडक्यांत काम सांगावें, मिळेल तें घ्यावें, नकार मिळाला तर नमस्कार करून पुढल्या घरीं जावें. लहानशी देणगीहि हिशेबांत नोंदावी आणि हिशेब छापून लोकांपुढें ठेवावा. लोक त्यांच्या बोलण्यानें दिपले नाहींत. त्यांच्या वहीवर त्यांचा विश्वास बसला. आत्मपरीक्षण म्हणजे रात्रीं डोळे मिटून आपल्या गुणदोषांचें चिंतन करणें, अशी आपली समजूत असते. तें चिंतन पुष्कळदां आपल्यालाच फसवितें, कारण आरोपी, वकील आणि न्यायाधीश तेथें एकच असतो. पैशाचा, वेळेचा आणि दिलेल्या वचनांचा हिशेब मात्र इतक्या सहजीं फसवीत नाहीं. वर्षाच्या अखेरीस आपण काय बोललों होतों आणि काय केलें, हें गणिताच्या या अध्यापकाला जमाखर्चाच्या दोन रकान्यांत दिसत असे.

श्रोतेहो, येथपर्यंतची गोष्ट एकाच माणसाच्या बाजूनें सांगितली गेली. अण्णासाहेबांनीं 1915 सालीं आपलें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. त्यांत आपल्या लाजाळूपणाविषयीं, आपल्या चुकांविषयीं, आपल्या बेताच्या बुद्धीविषयीं ते इतक्या सरळपणें लिहितात कीं, वाचणाऱ्याला वाटावें, याहून अधिक आत्मज्ञान तें कोणतें? पण 1944 सालीं बाया कर्वे यांचें माझें पुराण हें पुस्तक निघालें. सूनबाई कावेरी कर्वे यांनीं तें संपादित केलें. तें वाचूं लागलें कीं त्याच घराची दुसरी बाजू उजेडांत येते. नवऱ्यानें मिळकत आश्रमाला द्यावी. कुटुंबाची तरतूद म्हणून असलेली आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धां देऊन टाकावी. आणि घरांत मुलांच्या तोंडीं काय घालावयाचें हा प्रश्न बायकोनें सोडवावा. बहिष्काराचा जाच पुरुषाला सभेंत आणि पंगतींत लागे. बाईला तो विहिरीवर, शेजारणीच्या दारांत, बाळंतपणांत लागे. पुनर्विवाहित म्हणून आश्रमापासूनहि बायांना आरंभीं दूर राहावें लागलें. म्हणजे ज्या कार्यासाठीं घर रिकामें झालें त्या कार्यांतहि त्यांना जागा नव्हती. बायांनीं हें सारें ठसक्यानें, प्रसंगीं विनोदानें आणि कोठेंहि रडगाणें न गातां सांगितलें आहे. म्हणूनच तें अधिक झोंबतें.

मला या दोन पुस्तकांच्या जोडीइतकें या विषयावर बोलणारें दुसरें कांहीं ठाऊक नाहीं. स्वतःचे जे दोष आपल्याला दिसतात ते आपण कबूल करतों आणि त्या कबुलीचें आपल्याला थोडें समाधानहि वाटतें. लाजाळूपणा कबूल करणें अण्णासाहेबांना जड गेलें नाहीं, कारण तो दोष त्यांनीं रोज अनुभवलेला होता. पण आपल्या निःस्वार्थतेचा भार दुसऱ्या कोणाच्या पाठीवर पडतो आहे, हें निःस्वार्थ माणसाला कसें दिसावें? त्याच्या हिशेबाच्या वहीला तो रकानाच नव्हता. तो रकाना बायांच्या वहींत होता. आपल्यापैकीं जे कोणी एखादें मंडळ, शाळा, वाचनालय किंवा सोसायटी चालवीत असतील त्यांनीं आपल्याविषयींची माहिती सभासदांकडून घेण्यापूर्वीं घरांत विचारून पाहावें. सभासद आपल्या कामाबद्दल आभार मानतात. घरांतलीं माणसें आपण त्या दिवशीं जेवावयास किती वाजतां आलों तें सांगतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं हा प्रश्न एकदां खरोखरच घरीं विचारला. उत्तर म्हणून पत्नीनें त्यांच्यापुढें मुलाचें प्रगतिपुस्तक ठेवलें. त्यावरची तीन महिन्यांची सही तिची होती.

त्याच घरांत वाढलेले थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांचा मार्ग तर वडिलांच्या अगदीं उलट. संततिनियमनासारखा विषय, ज्याचा उच्चारहि त्या काळीं असभ्य मानला जाई, त्यांनीं उघडपणें मांडला. 1927 सालीं समाजस्वास्थ्य मासिक काढलें आणि 1953 सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. नोकरी गेली, खटले झाले. त्यांनीं एक शब्दहि मवाळ केला नाहीं. बापानें मौनानें संस्था वाढविली, मुलानें स्पष्टोक्तीनें एकाकीपण पत्करलें. यांपैकीं खरा कोण, असा वाद कधीं कधीं ऐकूं येतो. मला तो व्यर्थ वाटतो. रघुनाथरावांनीं वडिलांसारखें गोड बोलून वर्गणी मागितली असती तर तें सोंग झालें असतें. आणि अण्णासाहेबांनीं मुलासारखा आसूड ओढला असता तर तेंहि सोंगच झालें असतें.

महिला विद्यापीठाची कल्पना सुचली ती गोष्टहि ऐकण्यासारखी आहे. जपानांतील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका काशीहून कोणीं अण्णासाहेबांकडे धाडली होती. त्यांनीं ती चाळली आणि बाजूस ठेवून दिली. पुढें 1915 सालच्या मुंबईच्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. भाषणांत सांगावें तरी काय या विवंचनेंत असतां ती पुस्तिका त्यांनीं पुन्हां उघडली, आणि या वेळीं तिनें त्यांना झोपूं दिलें नाहीं. ही हकीकत त्यांनीं स्वतःच सांगून ठेवली आहे. मोठी कल्पना आपल्याला अंतःस्फूर्तीनें सुचली असें म्हणण्याची संधि हातची घालवून, ती प्रथम आपल्याला कळलीच नव्हती असें सांगणारा संस्थापक माझ्या पाहण्यांत दुसरा नाहीं. 3 जून 1916 रोजीं विद्यापीठाच्या सभेचें पहिलें अधिवेशन झालें. पहिल्या वर्गांतील विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मातृभाषेंतून उच्च शिक्षण द्यावयाचें हा त्यांतला मुख्य आग्रह. 1920 सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचें, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें, नांव विद्यापीठाला मिळालें. अठ्ठावन्नाव्या वर्षीं नवीन काम, सत्तरी ओलांडल्यावर 1929 सालीं जगाचा प्रवास, आणि 1936 सालीं पुन्हां खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं नवी संस्था. पाय चालतच होते.

1955 सालीं त्यांना पद्मविभूषण आणि 1958 सालीं, शंभरीं पुरीं झालीं त्या वर्षीं, भारतरत्न मिळालें. 9 नोव्हेंबर 1962 रोजीं ते गेले. बाया त्यांच्या आधीं बारा वर्षें, 1950 सालीं गेल्या होत्या. ज्या मुरुडानें त्यांना वाळींत टाकलें त्या मुरुडांत आज त्यांचें स्मारक आहे, आणि समुद्रावर सहलीसाठीं येणारे लोक त्याच्यापुढें थोडा वेळ उभे राहतात.

ज्यांना या विषयाकडे अधिक वळावेंसें वाटेल त्यांनीं आत्मवृत्त आणि माझें पुराण हीं दोन्ही पुस्तकें मिळवून वाचावीं. लोक सहसा आत्मवृत्त आधीं घेतात. माझें सांगणें असें कीं, आधीं बायांचें पुस्तक वाचावें आणि मग अण्णासाहेबांचें. तें शक्य तर नवराबायकोनीं एकत्र बसून, मोठ्यानें वाचावें.